निवडुंगातला पिंगळा आणि अनुबोधपटाचे इमान

अमेरिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील ॲरिझोना राज्य आणि त्याला लागून असलेला मेक्सिकोचा सोनोरा प्रांत यांच्यामध्ये एक विस्तीर्ण वाळवंट पसरलेले आहे. त्या वाळवंटात मुठीत मावेल एवढे एक घुबड राहते. त्याची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर आणि वजन फार तर ७०-७५ ग्रॅम. म्हणजे आपल्या अंगणातल्या पिंगळ्याहूनही ते लहान. सग्वारो नावाच्या प्रचंड निवडुंगाच्या खोडात सुतारपक्षी ढोली कोरतात, काही दिवस राहतात आणि सोडून जातात. त्या रिकाम्या ढोलीत हा पिंगळा आपला संसार थाटतो. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'निवडुंगातला तांबूस खुजा पिंगळा' असा होतो. आम्ही त्याला या लेखापुरते निवडुंग-पिंगळा म्हणू. आपल्या भाषेने घुबडाला 'दिवाभीत' ही पदवी देऊन ठेवली आहे. पण हा पक्षी सकाळ-संध्याकाळच्या उजेडात उघडपणे शिकार करतो, आणि सरडे, कीटक, लहान पाखरे यांवर निर्वाह करतो. भ्यायचेच झाले तर तो दिवसाला नव्हे, दिवसाढवळ्या जमिनी मोजत फिरणाऱ्या माणसाला भ्याला पाहिजे.

असा पक्षी म्हणजे अनुबोधपट काढणाऱ्यांना आयते सापडलेले घबाडच. पिवळे टपोरे डोळे, मानेच्या मागल्या बाजूस डोळ्यांसारखेच दिसणारे दोन काळे ठिपके, पाठीमागे सूर्यास्त आणि हात वर केलेल्या माणसासारखे उभे निवडुंग! सोबत मंद संगीत आणि शेवटी 'याला वाचवा' एवढी आर्जवी हाक. प्रेक्षक हळहळतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पिंगळ्याच्या ढोलीत मात्र काहीही बदललेले नसते.

आमचा वाद या प्रकाराशी आहे. विनाशाच्या काठावरील पक्ष्यावर अनुबोधपट काढणे हे सत्कृत्य होय याविषयी आम्हाला शंका नाही. परंतु जो अनुबोधपट पक्ष्याचे सौंदर्य दाखवतो आणि त्याच्या नाशाची कारणे लपवतो, तो त्या पक्ष्याचा मित्र नव्हे. किंबहुना तो नाश करणाऱ्यांना निर्दोष ठरवणारा साक्षीदार होय. साक्षीदाराने सत्य सांगावे, संपूर्ण सत्य सांगावे, आणि सत्य मिळवताना ज्याच्यासाठी साक्ष द्यायची त्यालाच इजा करू नये, एवढी आमची अपेक्षा आहे. ती वाजवीपेक्षा जास्त आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

या वाळवंटाला चित्रपट नवा नाही. १९५३ साली डिस्ने यांच्या संस्थेने 'द लिव्हिंग डेझर्ट' हा पट काढला. त्याचे मोठे चित्रण याच ॲरिझोनाच्या परिसरातले, आणि त्याला सर्वोत्तम अनुबोधपट म्हणून ऑस्कर पारितोषिकही मिळाले. वाळवंट म्हणजे ओसाड जागा नव्हे, तेथे जिवंत जग नांदते, हे त्याने लाखो लोकांना प्रथम दाखवले. हे श्रेय आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच पटात विंचवांच्या प्रणयाची दृश्ये मागे-पुढे फिरवून त्यांना लोकनृत्याच्या तालावर नाचवले आहे. प्रेक्षक हसला आणि विंचू विदूषक झाला. पाच वर्षांनी, १९५८ साली, त्याच संस्थेच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या पटाने पुढची पायरी गाठली. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात सामुदायिक आत्महत्या करतात, असे त्यात दाखवले. ते चित्रण जेथे झाले त्या कॅनडातील आल्बर्टा प्रांताला समुद्रच नाही! प्राणी विकत आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून लोटलेले होते, हे १९८२ साली कॅनडातल्याच एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने चव्हाट्यावर आणले. तोपर्यंत पारितोषिक देऊन झाले होते, आणि लेमिंगांची आत्महत्या जगभराच्या बोलण्यात रुजली होती. ती आजही पुरती उखडली गेलेली नाही. खोट्याला एकदा छायाचित्राचा आधार मिळाला की ते किती चिवट होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

परंतु विंचवाला नाचवणे यापेक्षाही १९५३ च्या त्या पटाचा एक दोष आम्हाला गंभीर वाटतो. त्यात माणूस नाही. प्रेक्षकाने समजावे की हे वाळवंट अनादी, अस्पर्शित आणि सुरक्षित आहे. वस्तुस्थिती काय होती? या वाळवंटातले टूसॉन शहर १९५० साली सुमारे ४५ हजार वस्तीचे होते. १९६० च्या शिरगणतीत ती संख्या २ लाख १२ हजारांवर गेली. शहराची हद्द वाढवल्यामुळे हा आकडा फुगला हे खरे. पण हद्द वाढते ती जमिनीवरच, आणि ती जमीन कोणाची तरी ढोली असते. कॅमेरा विंचवाकडे वळलेला असताना त्याच्या पाठीमागे मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या. त्या दाखवल्या असत्या तर तो खरा अनुबोधपट झाला असता.

आता निवडुंग-पिंगळ्याची कुळकथा पाहा. ॲरिझोनातला त्याचा पहिला नमुना १८७२ साली बेन्डायर या लष्करी अधिकाऱ्याने टूसॉनजवळच्या ओढ्याकाठी मिळवला. १८९८ साली ब्रेनिंजर या संग्राहकाने नोंदवून ठेवले की हीला आणि सॉल्ट या नद्यांच्या काठच्या झाडीत हा पक्षी नेहमी आढळतो. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो केवळ निवडुंगाचा नव्हता, नदीकाठचाही रहिवासी होता. पुढे सॉल्ट नदीवर १९११ साली रूझवेल्ट धरण पुरे झाले, हीला नदीवर १९२८ साली कूलिज धरण उभे राहिले. काठची झाडी सरपणासाठी तुटली, भूजल पंपांनी उपसले गेले, नद्यांची पात्रे कोरडी पडली. पिंगळा निवडुंगाच्या आश्रयाला राहिला, आणि तेथेही त्याच्यामागून शहर आले. १९९७ च्या मार्चमध्ये, १९७३ च्या कायद्यान्वये, ॲरिझोनातील निवडुंग-पिंगळा विनाशोन्मुख जातींच्या सरकारी यादीत घातला गेला. तेव्हा तेथे माहीत असलेल्या पक्ष्यांची संख्या अगदी तुरळक होती.

येथवरची कथा कोणीही सांगेल. खरी कथा पुढे आहे, आणि अनुबोधपटवाले नेमके तेथेच कॅमेरा बंद करतात, कारण ती कथा कचेऱ्यांत आणि न्यायालयांत घडते. घरे बांधणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेने त्या निर्णयाला आव्हान दिले. युक्तिवाद असा की, हाच पक्षी सीमेपलीकडे मेक्सिकोत बऱ्या संख्येने आहे, मग ॲरिझोनातल्या मूठभर पक्ष्यांना वेगळे संरक्षण कशाला? २००३ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला. आंतरराष्ट्रीय सीमेमुळे ही वस्ती निराळी मानता येईल हे त्याने मान्य केले. पण तिचे संपूर्ण जातीच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे हे सरकारी खात्याने पुरेशा आधाराने दाखवले नाही, असे ठरवले. २००६ च्या एप्रिलमध्ये पिंगळा यादीतून निघाला. पक्षी वाढले म्हणून नव्हे. कागद अपुरा पडला म्हणून! पुन्हा अर्ज झाले, २०११ साली नकार आला, पुन्हा दावे झाले. अखेर २०२३ च्या जुलैमध्ये त्याला यादीत पुन्हा जागा मिळाली, तीही एक पायरी खाली, धोक्यात आलेल्या जातीची. सतरा वर्षे हा पक्षी केवळ एका विशेषणाच्या अर्थावरून उघड्यावर राहिला. या सतरा वर्षांचे चित्रण ज्या पटात नाही, तो पिंगळ्याचा पट कसा म्हणावा?

बेळगाव आणि भोवतालच्या सीमाभागात राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा सीमेचा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. नकाशावर रेघ ओढली की अलीकडचे आणि पलीकडचे यांचे नाते कचेरीतल्या लेखी बदलते. चुलीवरच्या भाकरीची चव बदलत नाही. 'तुमची माणसे पलीकडे पुष्कळ आहेत, येथे थोडी राहिली नाहीत तर काय बिघडले?' हा प्रश्न माणसांनाही विचारला जातो. भाषेच्या आणि पक्ष्याच्या हानीची बरोबरी आम्ही करीत नाही. पण टोकावरची वस्ती गेली की मूळचा प्रदेशच आकसतो, हा नियम दोहोंना सारखाच लागू आहे.

आणि येथे तर रेघ केवळ कागदावर राहिलेली नाही. २०१९ आणि २०२० साली या सीमेवर अनेक ठिकाणी ३० फूट उंचीचे पोलादी कुंपण उभे राहिले. ऑर्गन पाइप या राखीव प्रदेशात त्याच्या वाटेवरचे सग्वारो पाडले गेले. आता या पिंगळ्याच्या उडण्याची रीत पाहा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याची उड्डाणे मोजली, तेव्हा ४ मीटरांहून उंच गेलेली उड्डाणे अवघी २३ टक्के भरली. तो झुडपाझुडपांतून, जमिनीलगत जाणारा पक्षी आहे. मोठी उघडी जागा ओलांडणे त्याला आवडत नाही. त्याच्यापुढे ९ मीटरांची भिंत आणि तिच्या दोन्ही अंगांना खरडून मोकळी केलेली पट्टी, हे चित्र कोणत्याही मधुर निवेदनाहून अधिक बोलते. त्याला शब्दांची फारशी गरज नाही. ते दाखवण्याची इच्छा मात्र हवी.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात. त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप कलावंतांचा. ते म्हणतात, आधी प्रेम जडू द्या, मग संरक्षण आपोआप होईल. न्यायालये आणि नकाशे दाखवलेत तर प्रेक्षक जांभया देईल. आम्ही विचारतो, सत्तर वर्षांत प्रेम कमी जडले काय? वाळवंटावर प्रेम जडले म्हणूनच तर लोक तेथे बंगले बांधायला धावले! सग्वारोच्या आकृती दुकानांच्या पाट्यांवर आल्या, आणि खरे सग्वारो पाया खणताना उपटले गेले. जाणत्यावाचूनचे प्रेम हे हव्यासाचे दुसरे नाव आहे. शिवाय न्यायालयातला झगडा कंटाळवाणा असतो हे कोणी ठरवले? ज्याला माणसाच्या वादात नाट्य दिसत नाही त्याने नाटकाच्या वाटेस न जावे हे बरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. माणूस मोठा की घुबड? टूसॉनच्या वायव्येला एक माध्यमिक शाळा बांधायची होती. त्या जागेच्या आसपास निवडुंग-पिंगळा दिसला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मुलांचे पालक एका बाजूस व पक्षिप्रेमी दुसऱ्या बाजूस उभे राहिले. २००० साली अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेने जागेचा संवेदनशील भाग वगळून बांधण्याचे योजले होते आणि पिंगळ्याला प्रत्यक्ष इजा होईल हे सिद्ध झाले नव्हते. पक्ष्याची कड घेणारा अनुबोधपट हे प्रकरण गाळून टाकील, कारण त्यात खलनायक सापडत नाही. आम्ही म्हणतो, हेच प्रकरण पटाच्या मध्यभागी असावे. पालकांचा राग दाखवा, त्यांची गरज दाखवा. कारण याच वादातून पुढे काही विधायक निघाले. १९९८ साली पिमा कौंटीने, म्हणजे त्या जिल्ह्याच्या लोकनियुक्त कारभाऱ्यांनी, कोठे बांधावे आणि कोठे जमीन मोकळी सोडावी याची संपूर्ण वाळवंटाची योजना हाती घेतली. आणि २००४ साली मतदारांनी मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी १७ कोटी डॉलरांहून अधिक रकमेच्या कर्जरोख्यांना मतपेटीतून संमती दिली. ज्यांना 'माणूस की घुबड' असा प्रश्न घातला गेला, त्यांनी 'दोघेही' असे उत्तर स्वतःच्या खिशातून दिले. हे उत्तर दाखवायचे तर प्रश्नही प्रामाणिकपणे दाखवावा लागतो.

माणूस म्हटला की तेथले मूळचे रहिवासी तोहोनो ओओधाम यांना विसरून चालणार नाही. त्यांची भूमी या सीमेने दुभंगली आहे. सग्वारो हा त्यांच्या दृष्टीने माणसासारखाच एक जीव. ऐन उन्हाळ्यात लांब काठ्यांनी त्याची फळे उतरवायची, पाक करायचा आणि पावसाला बोलवायचे, अशी त्यांची रीत. वाळवंट निर्मनुष्य दाखवणारा पट पिंगळ्याबरोबर या लोकांनाही पडद्यावरून हाकलून देतो.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा. दूर देशीच्या घुबडाचे आम्हाला काय? आमच्या घरात 'घुबडतोंड्या' ही शिवी आहे, छपरावर घुबड बसले तर शांत करण्याची चाल आहे! याचे उत्तर खानदेशात सापडते. बेन्डायरने ॲरिझोनात आपला पिंगळा मिळवला त्याच १८७२ साली मध्य भारतात ब्लेविट यांना एक अनोळखी पिंगळा मिळाला. पुढल्या वर्षी ह्यूम यांनी त्याला नाव दिले. हाच आपला रानपिंगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे आणखी नमुने जमवले. नंतर हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडेना. मधल्या काळाचा पुरावा म्हणून एकच नमुना होता. तापीकाठच्या मांडवी येथे १९१४ साली तो मिळाल्याची चिठ्ठी त्यावर माइनर्ट्झहागेन या नामांकित गृहस्थांनी लावली होती. त्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली. पुढे पामेला रासमुसेन यांनी छडा लावला, आणि ती चिठ्ठी खोटी निघाली. नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटे गाव आणि खोटे साल चिकटवलेला. ही नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी खऱ्या नोंदींच्या मागे शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी गेले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात, शंभराहून अधिक वर्षांनी, रानपिंगळा त्यांना जिवंत दिसला.

वाचकहो, एक खोटी चिठ्ठी एका पक्ष्याला दशकानुदशके लपवून ठेवू शकते. अनुबोधपट ही अशीच एक चिठ्ठी आहे. 'हे येथे, या काळी, असे घडले' हे ती सांगते. ते खोटे असेल तर तिच्या भरवशावर पक्ष्याला वाचवायला निघालेला भला माणूसही चुकीच्या रानात भटकेल.

म्हणून निवडुंग-पिंगळ्यावर पट काढू पाहणाऱ्यांपुढे आमच्या अटी स्पष्ट आहेत. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याच्याच आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो धावून येतो, चिडतो, आणि पिलांना भरवण्याचा वेळ आपल्याशी भांडण्यात घालवतो. गणनेसाठी शास्त्रज्ञ हे मर्यादेने व परवानगीने करतात. चांगले दृश्य मिळेपर्यंत तासन्‌तास ते करणे हा छळ होय. ढोलीचे ठिकाण ओळखू येईल असे दृश्य दाखवू नये, नाहीतर पटामागून पाहुण्यांची रांग लागते. पिंजऱ्यात वाढवलेला पक्षी वापरला असेल तर तसे सांगावे. एका ऋतूचे चित्रण दुसऱ्या ऋतूत चिकटवले असेल तर तेही सांगावे. प्रेक्षक तेवढा समजूतदार असतो.

आणि काळ दाखवावा. सग्वारोला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. म्हणजे आज ज्या ढोलीत पिंगळा पिले वाढवीत आहे तो निवडुंग आपल्या आज्याच्या काळी उगवलेला असेल. गुरांच्या चाऱ्यासाठी आफ्रिकेतून आणलेले बफेल गवत त्या वाळवंटात आता मोकाट पसरले आहे. पूर्वी झुडपांमधल्या उघड्या जमिनीवर आग थांबत असे. हे गवत ती पोकळी भरून काढते आणि आगीला वाट देते. सग्वारोला आगीची सवय नाही. एका दुपारचा वणवा शतकाचे घर जाळतो, आणि आज बी पेरले तरी नव्या ढोलीसाठी आपल्या नातवंडांनाही थांबावे लागेल. तासाभराच्या पटात शतक बसवणे कठीण असते हे आम्ही जाणतो. पण जो हे बसवू शकत नाही, त्याने 'संरक्षण' हा शब्द शीर्षकात घालू नये.

ओठांवर 'अरेरे' आणणारे पट पुष्कळ झाले. त्यांनी पिंगळ्याला पडद्यावर जागा दिली आणि रानातली त्याची जागा जाऊ दिली. आता त्याच्याकडे पाहून झाले असेल तर कॅमेरा जरा मागे वळवावा. मागे मोजणीची खुंटी आहे, न्यायाधीशाचे आसन आहे, पोलादी भिंत आहे, शाळेच्या फाटकाशी उभे पालक आहेत, मतपेटी आहे. पिंगळ्याचे भवितव्य तेथे ठरते. आणि त्या गर्दीत जर प्रेक्षकाला आपलाही चेहरा दिसला, तर तो पट अनुबोधपट या नावाला पात्र झाला असे आम्ही समजू.